मुक्त सॉफ्टवेअर हस्तपुस्तिका – प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५

कामाला लागलो. विकसनशील देशांतल्या लहान संस्थांनी, म्हणजे शाळा, ग्रंथालयं, दवाखाने, सहकारी संस्थांची कार्यालयं यांनी, बंदिस्त सॉफ्टवेअर सोडून मुक्त सॉफ्टवेअरवर (ज्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, उघडा असतो आणि जे कुणालाही वापरता, बदलता, वाटता येतं) कसं यावं याची एक हस्तपुस्तिका करायची आहे. 'तुला कंप्युटरमधलं कळतं ना?' म्हणून ज्याच्या गळ्यात हे काम पडतं, तो आमचा वाचक. आयटी विभाग असलेल्या मोठ्या खात्यांसाठी पुष्कळ लिहिलं गेलंय.

आराखड्यातलं पहिलं प्रकरण नेहमीचंच: परवान्याचे पैसे वाचतात. आमच्या गटातल्या ग्रंथालयवाल्या ताईंनी लगेच त्यावर बोट ठेवलं. "वाचतात कुणाचे? परवाना विकत घेतलाय कुणी?" खरं आहे. अशा ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरची गाठ महागड्या परवान्याशी पडतच नाही. ती पडते क्रॅक केलेल्या कॉपीशी, आणि ती कॉपीही फुकटच. वर ती सगळ्यांच्या सवयीची असते आणि बिघडली तर कुणीही येऊन पुन्हा टाकून देतो. तेव्हा 'फुकट मिळतं' यापलीकडे आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे, ते आधी ठरवायला हवं.

१० जुलै

पेरूचं प्रकरण वाचून काढलं. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर सक्तीचं करणारं विधेयक तिथे मांडलं गेलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या पेरूतल्या प्रमुखांनी आक्षेपांचं पत्र पाठवलं आणि २००२ मध्ये खासदार एदगार व्हियानुएवा यांनी त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. उत्तरातली तीन कारणं अशी: नागरिकांना सरकारी माहिती विनाअडथळा मिळावी, सरकारी डेटा कायम टिकावा, आणि राज्य व नागरिक सुरक्षित राहावेत. पैशांची बचत त्यांनी मुख्य कारणांत धरलीच नाही. पुढे २००५ मध्ये जो कायदा झाला तो सौम्य होता. खरेदीपूर्वी तांत्रिक मूल्यमापनाचा अहवाल करा, एवढ्यावर भागलं.

पत्र तेवीस वर्षांचं जुनं, पण आजही कामाचं. आमच्या पहिल्या प्रकरणाचा सांगाडा तिथूनच घेतोय. फक्त 'राज्य' काढून 'संस्था' घालायचं.

१६ जुलै

किमतीवर उभा केलेला मुद्दा किती पटकन कोसळतो, याचं उदाहरण थायलंडचं. २००३ मध्ये तिथल्या सरकारने लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घातलेले स्वस्त संगणक बाजारात आणले. त्यावर मायक्रोसॉफ्टने विंडोज आणि ऑफिसची किंमत त्या योजनेपुरती उतरवली. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीची 'स्टार्टर एडिशन' आली, थायलंडसह काही निवडक देशांसाठी. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. चौथा उघडायला गेलात की नकार.

ब्राझीलने २००५ मध्ये करसवलत देऊन लिनक्ससह संगणक घरोघरी पोचवले. बऱ्याच लोकांनी ते घरी नेऊन त्यावर विंडोजची कॉपी टाकली. यात लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. शेजारी जे आहे तेच आपल्याकडे असलं की विचारायला माणूस मिळतो. म्हणजे माणसाच्या उपलब्धतेचा प्रश्न पैशाच्या आधी येतो. हे वाक्य अधोरेखित करून ठेवलंय.

२ ऑगस्ट

चाचणीसाठी जुनी यंत्रं मिळाली. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या जातीची, काहींत दोनच गिगाबाइट रॅम. गटात यंत्रांचं बघणारा, आमचा यंत्रवाला, खूश आहे. त्याच्या मते संस्थांकडे खरंच जे असतं ते हेच, त्यामुळे नव्या लॅपटॉपवर चाचण्या घेणं निरर्थक.

एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे लिनक्सचे दोन हलके डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) ठरवले. झेडरॅम (मेमरीतला डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू केलं की कमी मेमरीच्या यंत्रावरही लिहिण्याचं काम सुखाने होतं. पण ब्राउझर उघडला की सगळं ब्राउझरच खाऊन टाकतो. यात लिनक्सचा काही गुन्हा नाही, आजची संकेतस्थळंच जड झालीयेत. चकाट्या पिटणारे आम्हाला 'जुना संगणक नवा झाला' असं लिहा म्हणतील. तसं लिहायचं नाही. लेखन, हिशेब, छपाई, ऑफलाइन वाचन याला उत्तम. ब्राउझरात अनेक टॅब उघडून बसायचं असेल तर रॅम वाढवा, असं लिहायचं.

११ ऑगस्ट

परवा डेबियन १३ (डेबियन या लिनक्स संचाची नवी आवृत्ती) आलं. ३२-बिट (जुन्या धर्तीच्या प्रोसेसरच्या) संगणकांसाठी त्यात इन्स्टॉलर नाही, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभाही नाही. आमच्या टेबलावरच्या सगळ्यात जुन्या यंत्रांना डेबियन १२ वरच थांबावं लागेल. त्याचे दीर्घकालीन अपडेट २०२८ च्या जूनपर्यंत आहेत. पुस्तिकेत 'मुक्त सॉफ्टवेअर जुन्या यंत्रांना कायम सांभाळतं' असं एक वाक्य होतं, ते गेलं. स्रोत उघडा असला तरी सांभाळायला माणसं लागतात, आणि श्रीमंत देशांत ३२-बिट यंत्रं उरलेली नाहीत म्हटल्यावर तिथल्या स्वयंसेवकांचा त्यातला रस संपला. ज्यांच्याकडे ती यंत्रं उरलीत, त्यांच्यातले फार थोडे डेबियनच्या विकासात आहेत. गरज एकीकडे, हात दुसरीकडे.

२२ ऑगस्ट

फाइलींचे प्रकार. या प्रकरणावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

संस्था अडकते ती प्रोग्रॅममध्ये कमी आणि स्वतःच्या जुन्या फाइलींमध्ये जास्त. लिब्रेऑफिस हा मुक्त ऑफिस संच उद्या बसवता येतो, पण दहा-बारा वर्षांची पत्रं, तक्ते, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) घातलेल्या पगाराच्या शीट यांचं काय? आमच्या चाचणीत साधी पत्रं जवळपास जशीच्या तशी उघडली. ओळी पुढे-मागे सरकतात त्याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो, कँब्रियाच्या जागी कॅलडिया, एरियल आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन हे फॉन्ट घातले की अक्षरांची रुंदी जुळते आणि पानं जागेवर येतात. ही एवढीशी गोष्ट आधीच केली तर 'लिनक्समध्ये फाइल बिघडते' ही निम्मी ओरड उठतच नाही. मॅक्रोंचं तसं नाही. साधे चालतात, गुंतागुंतीचे नव्याने लिहावे लागतात. अ‍ॅक्सेसमधला डेटाबेस असेल तर तो स्वतंत्र प्रकल्प समजावा आणि त्याला वेगळा वेळ द्यावा.

प्रमाणांचा इतिहास दोन परिच्छेदांत घेतला. ओपनडॉक्युमेंट (लिब्रेऑफिसचा फाइल-प्रकार, ओडीटी त्यातलाच) हे आयएसओ प्रमाण, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक, २००६ मध्ये झालं. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या फाइल-प्रकारालाही मान्यता मिळाली, तेव्हा तिच्याविरुद्ध अपील केलं ते दक्षिण आफ्रिका, ब्राझील, भारत आणि व्हेनेझुएला या चार देशांनी. अपिलं फेटाळली गेली. तरी त्या यादीकडे पाहिलं की कळतं, फाइलीच्या प्रकाराचं ओझं कुणाला जाणवत होतं.

ताईंचा सल्ला पुस्तिकेत जसाच्या तसा घातला: ऑपरेटिंग सिस्टिमला हात लावण्याआधी वर्षभर विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरा, नवी फाइल ओडीटीत साठवा. यंत्र तेच, खुर्ची तीच, त्यामुळे कुणी बिचकत नाही. खाली काय चालतंय ते बदलण्याची वेळ येईपर्यंत लोकांचे हात बसलेले असतात.

४ सप्टेंबर

लिपी. देवनागरीच्या वाचकाला जुन्या आठ-बिटी फॉन्टांचा छळ समजावून सांगायला नको. फाइल उघडली की नुसती चिन्हांची रांगोळी, आणि तोच फॉन्ट यंत्रावर असेल तरच मजकूर दिसणार. हा छळ एकट्या देवनागरीचा नव्हे. म्यानमारमध्ये झॉजी हा फॉन्ट इतका पसरला होता की १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस ठरवून देशाला युनिकोडवर (सगळ्या लिपींसाठीची सामायिक संकेतांक-पद्धत) आणावं लागलं. झॉजीचा प्रकार आणखी वाईट होता. त्याने युनिकोडचेच संकेतांक आपल्या मर्जीने वापरले, आणि मोन, शान, कारेन या भाषांच्या अक्षरांसाठी राखलेल्या जागाही बर्मीच्या जोडाक्षरांना देऊन टाकल्या. बहुसंख्यांची सोय झाली आणि लहान भाषांची वाट अडली.

कंबोडियात ख्मेरओएस प्रकल्पाने २००४ पासून उलट क्रमाने काम केलं. आधी युनिकोड फॉन्ट आणि कीबोर्ड, मग ख्मेरमधला ऑफिस संच, ब्राउझर, मेल. मोठ्या कंपनीला ती बाजारपेठ फायद्याची वाटेपर्यंत थांबावं लागलं नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने मला सर्वांत पटणारा युक्तिवाद हाच आहे: आपल्या भाषेतला मेनू आणायला कुणाची परवानगी लागत नाही.

मात्र भाषांतर एकदा करून संपत नाही. प्रत्येक आवृत्तीत नव्या ओळी येतात. गट विखुरला की मेनू अर्धा आपल्या भाषेत आणि अर्धा इंग्रजीत, असा धेडगुजरी होतो. तसे कितीतरी पडलेत.

९ सप्टेंबर

मोझिलाने ३२-बिट लिनक्ससाठी फायरफॉक्स देणं थांबवत असल्याचं जाहीर केलंय. ११ ऑगस्टच्या नोंदीत भर.

१८ सप्टेंबर

केरळ. सगळे केरळचंच उदाहरण देतात म्हणून मला ते टाळायचं होतं. वाचल्यावर टाळता येईना, कारण लोक उदाहरण देतात ते चुकीच्या कारणासाठी. सांगितलं जातं परवान्याचे किती पैसे वाचले. तिथे घडलं ते वेगळंच. आयटी@स्कूल हा शाळांचा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. शाळांतल्या शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. पाठ्यपुस्तकं त्याच सॉफ्टवेअरवर बेतली. उबंटू या लिनक्स संचावर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढली, ती शाळेच्या अभ्यासक्रमाला लागेल तशी भरून. २०१७ मध्ये प्रकल्पाचं रूपांतर काइट या सरकारी कंपनीत झालं, म्हणजे योजना संपली की माणसं पांगतात तो प्रकारही टळला.

इथे शिक्षकाला गणिताच्या तासाला यंत्र अडलं, तर ते सोडवणारा माणूस बहुधा दुसरा शिक्षकच असतो. बाहेरून तंत्रज्ञ येण्याची वाट बघायची नसते. मलयाळमसाठी फॉन्ट आणि इनपुट पद्धतींवर काम करणारा स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगचा गट शेजारीच होता, हीदेखील नशिबाची नव्हे तर सवयीची गोष्ट. माणसं एकमेकांना ओळखत होती.

याची नक्कल कशी करायची? राज्य सरकार पाठीशी नसलेल्या एकट्या शाळेला ती करता येणार नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. पण आसपासच्या आठ-दहा शाळांनी मिळून दोन शिक्षकांचा तासिकेचा भार कमी करायचा आणि त्यांना या कामाला द्यायचं, एवढं जमण्यासारखं आहे. भार कमी न करता 'आवड आहे म्हणून करतील' असं गृहीत धरलं की वर्षभरात आवड संपते.

२६ सप्टेंबर

कायदे आणि धोरणं. एक पान पुरे.

व्हेनेझुएलाने डिसेंबर २००४ मध्ये फर्मान काढलं: सरकारी यंत्रणेने दोन वर्षांत मुक्त सॉफ्टवेअरवर यावं. २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करून तेच सांगावं लागलं. इक्वेडोरचं फर्मान २००८ चं. भारताचं २०१५ चं धोरण निविदेतून जातं. मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करा, आणि वगळलं तर कारण द्या. यातली मला आवडलेली युक्ती हीच, कारण नकार देणाऱ्याला निदान दोन ओळी लिहाव्या लागतात.

ब्राझीलमधली गंमत: सरकार मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करत होतं, आणि आयकर विवरण भरायचा सरकारी प्रोग्रॅम मात्र बंदिस्त. शेवटी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या लॅटिन अमेरिका शाखेने २००७ मध्ये त्याला मुक्त पर्याय बनवून दिला. आमच्या वाचकाचंही घोडं इथेच अडणार आहे. करभरणा, डिजिटल सहीचा टोकन, हजेरीचं अंगठ्याचं यंत्र, यांतलं काहीतरी फक्त विंडोजवर चालणार. त्यासाठी एक यंत्र विंडोजचं ठेवा आणि अपराधी वाटून घेऊ नका, असा सल्ला. शंभर टक्क्यांच्या हट्टापायी नव्वद टक्के घालवलेले लोक आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. यंत्रवाल्याला हे पान तत्त्वच्युती वाटतं. वाटू दे.

७ ऑक्टोबर

आरोग्याचं प्रकरण डॉक्टरबाईंनी लिहून पाठवलं. उत्तम आहे, हात लावत नाही, फक्त सार इथे.

डीएचआयएस या आरोग्याची आकडेवारी गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरची सुरुवात वर्णभेद संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत झाली. जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळे तक्ते भरले जात, त्यांचा मेळ बसेना. आधी आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर बसून कोणते आकडे खरोखर लागतात ते ठरवलं, मग सॉफ्टवेअर. पहिली आवृत्ती चक्क मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसवर होती, कारण ते तिथे होतं आणि लोकांना येत होतं. ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेली डीएचआयएस-२ ही वेबवरची, पूर्ण मुक्त आवृत्ती. तिचा पहिला वापर २००६ मध्ये केरळात झाला. २०११ मध्ये केनियाने ती देशभर ऑनलाइन आणली. आता सत्तरहून जास्त देशांत आहे. श्रीलंकेने २०२० च्या सुरुवातीला बाहेरून येणाऱ्या प्रवाशांच्या कोविड-नोंदीसाठी तिच्यातच नवं मॉड्यूल केलं आणि ते इतर देशांनी उचललं. विकसनशील देश फक्त घेणारे असतात, या समजाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरचं तसंच: काम सुरू २००४ मध्ये, घडलं ते केनियातल्या एल्डोरेटच्या एचआयव्ही दवाखान्यांत.

आता दुसरी बाजू. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०१२ मध्ये नवे ई-आरोग्य प्रकल्प चक्क थांबवले. जो तो देणगीदार आपापला पथदर्शी प्रकल्प घेऊन येत होता आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. त्यांतली सॉफ्टवेअरं मुक्त असोत की बंदिस्त, परिचारिकेला भरायची रजिस्टरं वाढलीच. आणि यंदा जानेवारीत अमेरिकेने परकीय मदत रोखली, तेव्हा अनेक देशांतले या यंत्रणा सांभाळणारे पगारी लोक एका झटक्यात उघड्यावर आले. कोड कुणी काढून घेऊ शकत नाही. सर्व्हरचं भाडं आणि डेटा तपासणाऱ्याचा पगार मात्र थांबू शकतो, आणि थांबला.

डॉक्टरबाईंनी शेवटी एक प्रश्न लिहिलाय: देणगीदार गेल्यावर पहिल्या महिन्यात हे कोण चालवणार, त्या माणसाचं पद काय आणि पगार कुठल्या शीर्षाखाली? याचं उत्तर लिहिता येत नसेल तर प्रकल्प सुरू करू नये. मी तो प्रश्न उचलून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर नेला.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा पाठिंबा आज संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट यंत्रं बाद ठरणार. सकाळपासून विचारणा सुरू आहे: 'पुस्तिका कधी येतेय?' संधी आहे, पण घाईत लिनक्स टाकून दिलेल्या संस्था वर्षभराने शिव्या घालत परत जातात. एक छोटी पत्रिका आधी काढतोय. बॅकअप घ्या, थेट यूएसबीवरून लिनक्स चालवून बघा, प्रिंटर आणि वायफाय लागतात का ते पाहा. बाकी पुस्तिका आल्यावर.

२३ ऑक्टोबर

तुटक इंटरनेट. उबंटूने २००५ पासून कुणालाही फुकट सीडी टपालाने पाठवल्या, २०११ मध्ये ते बंद केलं. तेव्हापासून सगळे गृहीत धरतात की नेट आहे. पन्नास यंत्रांनी तोच अपडेट पन्नास वेळा उतरवायचा म्हणजे महिन्याचा डेटा एका दुपारी संपणार. एका यंत्रावर एपीटी-कॅशर बसवलं की पॅकेज एकदाच उतरतं, बाकीची यंत्रं तिथून घेतात. मांडणी सोपी आहे, टेबलावर नीट चालली. वाचनासाठी किविक्स: चित्रांसकट इंग्रजी विकिपीडिया सुमारे १०० गिगाबाइटच्या एका फाइलीत मावतो, नेट लागत नाही. आपापल्या भाषेतली फाइल त्याहून कितीतरी लहान.

६ नोव्हेंबर

ग्रंथालयासाठी कोहा, म्हणजे ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर. ताईंच्या हातचं प्रकरण, त्यामुळे बारकावे खरे. कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी लिहायला घेतलं, आणि जानेवारी २००० पासून ते वापरात आहे. बसवणं हा त्यातला लहान भाग. जुनी यादी एक्सेलमध्ये असते, एकाच लेखकाचं नाव पाच प्रकारांनी लिहिलेलं, आवृत्तीचं वर्ष शेऱ्याच्या रकान्यात. ते मार्क-२१ (ग्रंथनोंदींचा प्रमाण साचा) मध्ये आणण्याआधी स्वच्छ करायला बसवण्याच्या कित्येक पट वेळ लागतो. ताई म्हणतात, हा खर्च कोहाच्या नावावर मांडू नका, तो आधीच्या आळसाचा आहे.

पुढचा मुद्दा आवृत्त्यांचा. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. बसवून देणारा निघून गेला आणि अपग्रेड करणारं कुणी नसेल तर ग्रंथालय तीन वर्षांपूर्वीच्या कोहावर अडकून बसतं, भोकं पडलेल्या सर्व्हरसकट. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये निदान वार्षिक देखभाल कराराची मागणी घेऊन विक्रेता दारात येतो. इथे कुणी येत नाही. आपणच ठरवून, पैसे बाजूला काढून, कुणाला तरी बांधून घ्यावं लागतं.

१९ नोव्हेंबर

अनुक्रमणिका पक्की. खर्चाचं प्रकरण शेवटून दुसरं गेलं आणि दोन पानांवर आलं. देखभालीचं पहिलं झालं आणि वाढतच चाललंय. त्याच्या सुरुवातीला एक कोरा तक्ता आहे, स्थलांतराआधी भरायचा: पासवर्ड कुणाकडे, तो रजेवर असला तर कुणाकडे, बॅकअप कुठे, तो उघडून शेवटचा कधी पाहिला, आठवड्याचे किती तास कोणत्या माणसाला पगारी दिलेत. यंत्रवाल्याचा आग्रह होता की तक्ता शेवटी जावा, वाचक घाबरेल. चर्चा झाली, तक्ता पुढेच राहिला. घाबरणारा वाचक आधीच घाबरलेला बरा.

२८ नोव्हेंबर

मसुदा वाचायला पाठवला. मूळ फाइल ओडीटी, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए, म्हणजे कुणीही आपल्या भाषेत आणि आपल्या गरजेनुसार बदलून घ्यावा, बदललेलं त्याच परवान्याखाली द्यावं. प्रिंटर-स्कॅनरची चाचणी अर्धीच झालीये, ते परिशिष्ट पुढच्या महिन्यात. हजेरीच्या अंगठा-यंत्रांबद्दल यंत्रवाल्याकडून टिपण यायचं आहे.